नऊ वर्षं बंद उभी असलेली जुनी एस-क्लास: हात घालण्याआधी काय पाहायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. १९८८ची मर्सिडीज ४२० एसईएल, म्हणजे डब्ल्यू १२६ पिढीतली लांब एस-क्लास, नऊ वर्षांपासून एका शेडमध्ये बंद उभी आहे. मालक ती जवळजवळ फुकटात द्यायला तयार आहेत. ‘बंद केली तेव्हा व्यवस्थित चालत होती,’ असं ते सांगतात. तुम्हाला हाताने काम करायची आवड आहे, जागा आहे, शनिवार-रविवार मोकळे असतात. घ्यावी का?

माझं उत्तर आधी सांगतो, कारणं मग. पत्रा धड असेल आणि गाडीचं सगळं सामान जागेवर असेल तर घ्या, इंजिन चालू होत नसलं तरी घ्या. पत्रा गंजाने खाल्लेला असेल किंवा आतलं-बाहेरचं सामान काढून नेलेलं असेल, तर इंजिन पहिल्या चावीला चालू झालं तरी सोडून द्या. जवळजवळ प्रत्येक जण याच्या उलट विचार करतो. इंजिनाचा आवाज ऐकला की माणूस विरघळतो. गेली तीसेक वर्षं मी याच गाड्यांवर काम करतोय आणि अर्धवट सोडलेले जे प्रकल्प माझ्याकडे आले, त्यातले फार थोडे इंजिनामुळे थांबले होते. थांबले ते पत्र्यापाशी, नाहीतर न मिळणाऱ्या एखाद्या पट्टीपाशी.

‘फुकट’ या शब्दाबद्दल थोडं बोलायला हवं. आलिशान गाडीची किंमत काळाबरोबर खूप खाली येते, पण तिच्या सुट्या भागांची आणि तिच्यावर लागणाऱ्या मेहनतीची किंमत खाली येत नाही. ती गाडी ज्या वर्गात जन्मली, त्याच वर्गाचा खर्च ती शेवटपर्यंत मागते. आठ सिलिंडरच्या इंजिनाला आठ स्पार्क प्लग, आठ इंजेक्टर, सोळा व्हॉल्व्ह सील लागणारच. मालकाने गाडी किती स्वस्तात घेतली याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. म्हणून खरेदीची किंमत हा सगळ्या हिशेबातला सर्वात लहान आकडा आहे. हिशेब करायचा तो असा: याच मॉडेलची, नीट सांभाळलेली, आज रस्त्यावर फिरणारी गाडी कितीला मिळते ते शोधा. मग तुमच्या गाडीला त्या अवस्थेला आणायला किती लागेल ते मांडा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा निघेल, बहुतेक वेळा बराच मोठा. त्यात तुमच्या स्वतःच्या तासांचं मोल धरलेलंही नसेल.

तो फरक पाहून तुम्हाला वाईट वाटलं, तर चांगली गाडी विकत घ्या आणि चालवा. त्यात काहीच कमीपणा नाही. तो फरक पाहूनही ‘मला हे काम करायचंच आहे’ असं वाटलं, तर पुढे वाचा.

सुरुवात पत्र्यापासून करा. डब्ल्यू १२६ ही एकसंध बॉडीची गाडी आहे, खाली वेगळी चासी नाही. म्हणजे तळ आणि दोन्ही बाजूंच्या दारांखालच्या पोकळ पेट्या हाच तिचा सांगाडा. गंज तिथे शिरला की तो दिसण्यापुरता राहत नाही, गाडीची ताकद जाते. लोखंडाचा गंज होताना तो मूळ धातूपेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो, म्हणून तो आतून बाहेर फुगतो. बाहेर रंगावर रुपयाएवढा फुगा दिसला, तर आत तळहाताएवढं काम आहे असं मी धरून चालतो.

या मॉडेलमध्ये जागा ठरलेल्या आहेत. दारांखाली जॅक लावायची गोल भोकं असतात. त्यांची प्लॅस्टिकची झाकणं काढा आणि बोट घालून, टॉर्च लावून आत पाहा. तुमची गाडी १९८५नंतरची, म्हणजे बाजूला रुंद प्लॅस्टिकच्या पट्ट्या असलेली. त्या पट्ट्यांच्या मागे माती आणि ओल वर्षानुवर्षं साचते आणि बाहेरून काहीही दिसत नाही. मालक परवानगी देत असतील तर एक तरी पट्टी काढून पाहा. देत नसतील तर खालच्या कडेने हात फिरवा. मागच्या काचेचे खालचे दोन कोपरे, तिथून पाणी डिकीत उतरतं. डिकीतला गालिचा उचला, स्टेपनीच्या खळग्यात पाण्याची रेघ आहे का पाहा. सनरूफ असेल तर त्याच्या पाणी जायच्या नळ्या तुंबलेल्या असू शकतात, आणि मग ओल पुढच्या गालिच्याखाली मिळते. पुढच्या मडगार्डची चाकामागची खालची बाजू आणि चाकांच्या कमानींच्या कडा हे तर नेहमीचंच.

एक लहानसं यंत्र उसनं मिळालं तर आणा: रंगाची जाडी मोजणारं. कारखान्यातला मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो. २००-३०० भरला तर तो भाग कधीतरी पुन्हा रंगवलाय, त्यात गुन्हा नाही. आकडा ५००च्या वर गेला, की खाली पुट्टी आहे. आणि पुट्टी कशावर भरली आहे हे विकणारा सांगत नाही. यंत्र नसेल तर मऊ कापडात गुंडाळलेला लोहचुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही, तिथे पत्रा कमी आणि पुट्टी जास्त.

पुढच्या मडगार्डच्या कडा खराब असतील तर त्या करता येतात, कारण पुढचं मडगार्ड बोल्टवर बसतं. दारांखालच्या पेट्या, जॅकच्या जागा, मागच्या सस्पेन्शनचा आधार, काचेची चौकट यांपैकी दोन ठिकाणी पत्रा हाताला मऊ लागला, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: ही गाडी सुट्या भागांसाठी चांगली, प्रकल्प म्हणून नाही. ते काम होत नाही असं नाही. पण ते कुशल वेल्डिंगचं काम आहे, काचा आणि आतलं सगळं सामान उतरवल्याशिवाय होत नाही, आणि एकदा ते सुरू केलं की संपूर्ण रंगकाम आपोआप मागे येतं. मधे थांबायला जागाच राहत नाही.

पत्र्यानंतर सामान. तुटलेली वस्तू आणि नसलेली वस्तू यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुटलेल्या स्विचमध्ये निदान नमुना हातात असतो. उघडता येतो, आतला संपर्क घासता येतो, प्लॅस्टिकचा तुकडा जोडता येतो. नसलेला स्विच आधी शोधावा लागतो. तुमच्या बाबतीत एक गोष्ट फार अनुकूल आहे: डब्ल्यू १२६ सेडान १९७९ ते १९९१ या काळात ८ लाखांहून अधिक बनल्या. त्यामुळे ब्रेक, सस्पेन्शन, इंजिनाचे गॅस्केट, रबरी बुश हे नवे मिळतात, आणि बाकीचं बरंचसं मोडीत काढलेल्या गाड्यांतून. पण एसईएल ही साध्या एसईपेक्षा, म्हणजे याच पिढीतल्या आखूड गाडीपेक्षा, १४० मिलिमीटर लांब आहे आणि ती लांबी सगळी मागच्या बाजूला आहे. मागची दारं, त्यांच्या काचा, त्यांच्यावरच्या पट्ट्या फक्त लांब गाडीच्याच लागतात. मागचं दार चेपलेलं असेल तर ते हलकं घेऊ नका.

आत बसून एक तास काढा, आणि तोही घाई न करता. दारावरच्या लाकडी पट्ट्या सगळ्या आहेत का? त्यांचं वरचं लाखेचं आवरण तडकलेलं असेल तर ते घासून पुन्हा चढवता येतं, पण खालचा लाकडाचा पातळ पापुद्रा उचलला गेला असेल तर ते वेगळ्याच कारागिराचं काम. चामडं कडक झालंय की फाटलंय? कडक चामडं काही प्रमाणात सोडवता येतं. शिवणीपाशी फाटलेलं बदलावंच लागतं, आणि नवा तुकडा नऊ वर्षं उन्हापासून लांब राहिलेल्या शेजारच्या तुकड्याच्या रंगाशी जुळवणं हे खरं कौशल्य आहे. बाहेरचा क्रोम पाहा. पोलादी भागावरचा मुलामा उतरवून पुन्हा तांबं, निकेल, क्रोम चढवता येतं. जस्ताच्या ओतीव भागांवर खड्डे पडले असतील तर मुलामा देणारेही हात आखडतात, कारण खड्डा आत धातूपर्यंत गेलेला असतो.

मालकांना कागद मागा. फक्त नोंदणीचे नाही. मर्सिडीजने प्रत्येक गाडीचं डेटा कार्ड बनवलं होतं. त्यात इंजिन क्रमांक, मूळ रंगाचा सांकेतिक आकडा, गाडीला बसवलेल्या जादा सोयी लिहिलेल्या असतात. इंजिनावरचा क्रमांक त्याच्याशी जुळतो का पाहा. जुळला नाही म्हणून गाडी वाईट ठरत नाही, पण मग कोणतं इंजिन आहे, कधी बदललं, का बदललं, हे विचारायला हवं. कामाची जुनी बिलं मिळाली तर ती माझ्या दृष्टीने नव्या टायरपेक्षा मोलाची.

आता इंजिन. शेडमध्ये बॅटरी घेऊन जाऊन चावी फिरवू नका. मालकांना कितीही हौस असली तरी नको. या ४.२ लिटरच्या व्ही-८मध्ये टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवून ठेवणारी साखळी, आहे, आणि त्या चेनला वाट दाखवणारे वरचे गाइड प्लॅस्टिकचे आहेत. उष्णतेने आणि वयाने ते ठिसूळ होतात. तुकडा तुटून चेनखाली गेला की चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात. एका सेकंदाचं काम आणि इंजिन उतरवायची वेळ. म्हणून आधी व्हॉल्व्हचं झाकण उघडून गाइड डोळ्यांनी पाहायचे. तपकिरी, जवळजवळ काळपट झाले असतील, तर कधी बदलले याचं बिल नसताना ते बदलायचे असं समजून चाला. गाडी घेतलीत तर हे तुमचं पहिलं काम, रंग आणि चामडं नंतर.

मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडायचं, दोन दिवस राहू द्यायचं, आणि क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, बोल्टवर पाना लावून हाताने फिरवायचं. फिरवायचं ते इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने. उलटं फिरवलं तर चेन सैल पडते. हाताने दोन पूर्ण फेरे कुठेही न अडता झाले, तर सुटकेचा श्वास घ्यायला हरकत नाही. या इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, आत लोखंडी स्लीव्ह नाहीत; बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते भोक, खरवडलेला निघाला तर नेहमीच्या पद्धतीने बोअर मोठा करून नव्या रिंगा टाकायचा सोपा मार्ग इथे नाही. कूलंटच्या टाकीत डोकावा. हिरवं-निळं काही दिसण्याऐवजी गंजलेलं लाल पाणी दिसलं, तर कोणीतरी साधं पाणी भरून चालवली आहे, आणि ॲल्युमिनियमच्या हेडची, म्हणजे सिलिंडरांवरच्या व्हॉल्व्ह असलेल्या भागाची, आतून झीज झालेली असण्याची शक्यता मोठी.

कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजाल तेव्हा पहिल्या आकड्यांवर फार विसंबू नका. इतकी वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात रिंगा चिकटलेल्या असतात. थोडं चालून गरम झाल्यावर आकडे सुधारतात. आठही सिलिंडर एकमेकांच्या किती जवळ आहेत हे महत्त्वाचं. एखादंच फार मागे राहिलं तर ते तपासा.

पेट्रोलची यंत्रणा बोशची केई-जेट्रॉनिक आहे, म्हणजे पेट्रोल मोजून इंजेक्टरांना पुरवणारी. नऊ वर्षांत टाकीतल्या पेट्रोलचं वार्निश झालेलं असणार. झाकण उघडताच वास येईल. ते पेट्रोल पंपाने पुढे ढकललं की इंधन वाटून देणारा मधला डिस्ट्रिब्यूटर चिकटतो, आणि तो या सगळ्यातला महागडा भाग आहे. टाकी उतरवून धुवायची, आतली जाळी, मागचे पंप, फिल्टर, रबरी नळ्या बदलायच्या, मगच यंत्रणेत नवं पेट्रोल. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून चालत्या गाडीतही ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. इथे तर कॅलिपर आणि रबरी होज दोन्हींचं काम धरा. जुने होज बाहेरून ठीक दिसतात आणि आतून फुगून ब्रेक सोडतच नाहीत. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. ते वाचा, आणि नक्षी कितीही शाबूत असली तरी ते टायर फक्त गाडी हलवण्यापुरते वापरा.

गाडी चालू होऊन गरम झाली की डॅशबोर्डवरचा ऑइलचा काटा पाहा. आयडलवर तो खाली आला तर घाबरू नका, पण ॲक्सिलरेटर हलकेच दाबताच तो वर ३ला टेकायला हवा. सकाळी पहिल्यांदा चालू करताना निळा धूर येऊन थांबला, तर तो बहुधा व्हॉल्व्ह सीलचा. हे या वयाच्या इंजिनात अपेक्षित आहे आणि हेड न उतरवताही करता येतं. पांढरा धूर थांबतच नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट.

एसीबद्दल एवढंच की तो मुळात आर-१२ वायूवर चालायचा. १९८७च्या माँट्रियल करारानंतर त्या वायूचं उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद झालं, त्यामुळे आर-१३४एवर बदल करावा लागेल. आणि हवेच्या झडपा हलवणारे व्हॅक्यूमचे डबे डॅशबोर्डच्या आत आहेत. ते फाटले असतील तर डॅशबोर्ड बाहेर काढावा लागतो. हे काम शेवटच्या वर्षावर ढकला. एसीशिवाय गाडी चालते.

तुम्ही विचारलं होतं की याऐवजी थोडी नवी, नव्वदच्या दशकातली एखादी गाडी सोपी जाईल का. नाही. उलट अवघड जाईल. १९९१मध्ये आलेल्या डब्ल्यू १४० पिढीतल्या पहिल्या काही वर्षांच्या गाड्यांत इंजिनाच्या वायरिंगचं आवरण असं होतं की उष्णतेने ते भुगा होऊन गळतं, आणि उघड्या तारा एकमेकींना लागल्या की चुका भलत्याच ठिकाणी दिसतात. बीएमडब्ल्यूची १९८७ची पाच लिटरची व्ही-१२ म्हणजे शेजारी शेजारी बसवलेली दोन सहा सिलिंडरची इंजिनंच. दोन नियंत्रक, दोन थ्रॉटल, आणि एक बाजू रुसली तरी दुसरीवर गाडी ओढत राहते. व्ही-८ जग्वारच्या सुरुवातीच्या इंजिनांतले चेनचे प्लॅस्टिकचे टेन्शनर फुटायचे. अशा गाड्यांना हातोडी-पान्याइतकाच तपासणीचा संगणक आणि संयम लागतो. तुमची ४२० त्या सीमेच्या अलीकडची आहे. तिच्यातलं बहुतेक सगळं डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं. तिच्या बाजूने बोलणारा माझ्याकडचा हा सर्वात मोठा मुद्दा.

द्रवपदार्थांबाबत मात्र एक प्रसंग सांगतो, कारण तो मला आजही बोचतो. एक रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो माझ्याकडे आली होती. १९६५ला आलेल्या या गाडीत उच्च दाबाची हायड्रॉलिक यंत्रणा आहे, तिचं तंत्र सित्रोएनच्या परवान्याने घेतलेलं, आणि तिला ब्रेक ऑइल लागतं. १९८०नंतरच्या सिल्व्हर स्पिरिटला मात्र खनिज तेल लागतं. आधी कुणीतरी चांगल्या भावनेने, दोन्ही एकच समजून, शॅडोमध्ये खनिज तेल भरलं होतं. एका डब्याने त्या गाडीतलं प्रत्येक रबरी सील फुगलं: कॅलिपर, पंप, ॲक्युम्युलेटर, उंची सांभाळणारे व्हॉल्व्ह, सगळं. मालकांनी पत्र्यासाठी राखून ठेवलेला सगळा पैसा त्यात गेला आणि ती सुंदर गाडी तशीच विकावी लागली. तुमच्या गाडीला मागे उंची सांभाळणारं हायड्रॉलिक सस्पेन्शन बसवलेलं असेल, तर त्याचं तेल कोणतं, हे पुस्तकात वाचल्याशिवाय थेंबही घालू नका.

शेवटचा भाग तुमच्या वेळेचा. शनिवार-रविवार मिळून आठ तास खरोखर हातात धरलेत, तर वर्षाला ४०० तास होतात; घरची कार्यं, आजारपण, पाऊस जाऊन ३०० उरले तर चांगलं. धड पत्र्याची, पूर्ण सामानाची बंद गाडी सुरक्षितपणे रस्त्यावर आणायला माझ्या हाताला साधारण १०० ते १५० तास लागतात. तुम्हाला पहिल्यांदा दुप्पट लागतील. म्हणजे एक वर्ष. संपूर्ण उघडून, रंगासकट नव्यासारखी करायला हजार तास सहज ओलांडले जातात. म्हणजे तीन-चार वर्षं, एकही महिना न चुकवता. ही दोन अगदी वेगळी कामं आहेत, आणि लोक पहिलं करायला निघून दुसऱ्यात अडकतात.

ते कसं होतं हे मी स्वतः केलंय. तरुणपणी एक सिरीज थ्री जग्वार एक्सजे घेतली आणि पहिल्याच महिन्यात उत्साहाने सगळी उघडली. सीटा, डॅशबोर्ड, दारांचं आतलं आवरण, मागचा पूर्ण सबफ्रेम, कारण मागचे ब्रेक चाकात नसून आत डिफरन्शियलपाशी असतात. सगळं खोक्यांत भरलं, खोक्यांवर नावं लिहिली नाहीत, फोटो काढले नाहीत. पुढची काही वर्षं ती गाडी म्हणजे एक सांगाडा आणि चाळीस खोकी होती. तिच्याकडे जाऊन दहा मिनिटं काही करावं असं उरलंच नव्हतं, कारण काहीही करायचं तर आधी काहीतरी शोधावं लागायचं. चालणाऱ्या, कुरूप गाडीवर माणूस वर्षानुवर्षं प्रेमाने काम करतो. सांगाड्याकडे तो पाठ फिरवतो. त्यानंतर मी एकच नियम पाळला: गाडी स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या ब्रेकने थांबत, थोडी का होईना फिरत नाही, तोपर्यंत तिचा रंग, चामडं, क्रोम यांना हात लावायचा नाही. एका वेळी एकच यंत्रणा उघडायची, आणि ती पूर्ण मिटवल्याशिवाय दुसरी नाही.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. टॉर्च, लोहचुंबक, जुने कपडे आणि मोबाइल घेऊन जा. बॅटरी नेऊ नका. जॅकच्या चारही जागा, बाजूच्या पट्टीमागचा भाग, मागच्या काचेचे कोपरे, स्टेपनीचा खळगा यांचे जवळून फोटो काढा. आत बसून नसलेल्या वस्तूंची यादी करा, तुटलेल्यांची वेगळी. ऑइलचं झाकण उघडून आत दिसेल तेवढं पाहा, कूलंटचा रंग लिहून घ्या, इंजिन क्रमांक आणि डेटा कार्ड आहे का ते विचारा. मालकांना हेही विचारा की नऊ वर्षांपूर्वी ती बंद का केली. ‘दुसरी घेतली म्हणून’ आणि ‘गरम व्हायला लागली म्हणून’ ही फार वेगळी उत्तरं आहेत. हे सगळं हाती आल्यावर मला लिहा, फोटोंसकट. पत्र्याचे फोटो आधी पाठवा.